एक ब्राउझर, तीन भाषा: सीमाभागातल्या मराठी माणसानं कॉम्प्युटर कामाला कसा लावून घ्यायचा

कुठला ब्राउझर वापरू म्हणून बरेच जण विचारतात आणि मी दरवेळी एकच सांगतो, कुठला ते नंतर बघू, आधी आहे तो आपल्या कामाला लावून घ्या. कारण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी माणसाचं काम पुण्याच्या माणसासारखं नसतंय. तिकडं सातबारा मराठीत, बँक इंग्लिशमध्ये, झालं. आपल्याकडं शेताचा उतारा भूमीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमिनीच्या नोंदींच्या, साईटवर कन्नडमध्ये, पोरांच्या स्कॉलरशिपचा फॉर्म अर्धा कन्नड अर्धा इंग्लिश, आईच्या माहेरची जमीन चंदगडला असली तर ती महाराष्ट्राच्या महाभूलेख साईटवर मराठीत, आणि दुकानाचं जीएसटी इंग्लिशमध्ये. एकाच दिवशी एकाच माणसाला तीन भाषांतनं जायला लागतंय, आणि कॉम्प्युटर मात्र दुकानातनं आणला तसाच वापरतोय आपण. कन्नड वाचता येत नाही एवढ्यासाठी घरचा उतारा बघायला पण कुणाच्या तरी मागं लागायचं, हे मला अजिबात पटत नाही. त्यातलं बरंचसं काम घरात बसून होतंय, एकदा तासभर घालवून नीट सेटिंग करून घेतलं की.

ब्राउझर कुठला, ते आधी पटकन संपवतो. क्रोम २००८ मध्ये आलं, आणि आज एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही सगळी आतनं क्रोमच्याच इंजिनवर चालतात, म्हणजे सरकारी साईट एकात चालली की बहुतेक सगळ्यांत चालते. फायरफॉक्स तेवढं वेगळं, त्याचं स्वतःचं इंजिन आहे. माझं मत विचाराल तर दोन ठेवा. सरकारी काम आणि भाषांतर क्रोम किंवा एजमध्ये, आणि बातम्या, वाचन, रेसिपी, यूट्यूब असलं सगळं फायरफॉक्समध्ये, कारण जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरनं जोडायचा छोटा प्रोग्राम, तिथं अजून पूर्ण ताकदीनं चालतंय. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि तिथं आता त्याची लाईट आवृत्ती तेवढी मिळते, ती पण वाईट नाही पण फरक कळतो. मोबाईलवर अँड्रॉइडचं फायरफॉक्स घेतलं तर त्यात पण यूब्लॉक बसतंय, आणि रोजच्या डेटावर जगणाऱ्या माणसाला त्याचा फरक लगेच जाणवतो, पान हलकं होतंय आणि डेटा पण वाचतोय.

आणखी एक गोष्ट, बऱ्याच दुकानात, ऑफिसात अजून विंडोज ७ चे कॉम्प्युटर आहेत. त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, त्याच्या पुढची बसतच नाही. साईट उघडत नाही, बटण दाबलं तरी काही होत नाही असं झालं की माणूस नेटला शिव्या देतो आणि खरं कारण जुना ब्राउझर असतंय. विंडोज १० चं पण १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचं अपडेट बंद झालं. मशीन जुनं असेल आणि त्यावर टॅली किंवा डिजिटल सहीचं काम नसेल, नुसतं ब्राउझर आणि प्रिंटर एवढंच असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून बघायला हरकत नाही, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बरं चालतंय. फक्त आपला प्रिंटर त्यावर चालतो का ते आधी पेनड्राइव्हवरनं चालू करून बघा, मग इन्स्टॉल करा.

आणि कुठल्या जुन्या सूचनेत "इंटरनेट एक्सप्लोरर वापरा" म्हणून लिहिलेलं दिसलं तर ते शोधत बसू नका, मायक्रोसॉफ्टनं ते १५ जून २०२२ ला बंद केलं. एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझर म्हणून भाग आहे, तिथं एक्सप्लोरर मोड चालू करता येतो, तेवढ्यानं भागतंय.

आता भाषांतर

हे नीट वाचा, कारण आपल्यासाठी सगळ्यात कामाचं हेच आहे.

क्रोमच्या सेटिंगमध्ये लँग्वेजेसमध्ये जा, तिथं गूगल ट्रान्सलेट चालू आहे का बघा, आणि कुठल्या भाषेत करायचं तिथं मराठी निवडा. तिथं बहुतेकांचं इंग्लिश असतंय आणि मग कन्नडचं इंग्लिश होऊन येतंय, ते वाचून घरातल्या मोठ्या माणसांना काहीच कळत नाही. एकदा मराठी केलं की कन्नड पान उघडलं की वर ॲड्रेसच्या पट्टीत भाषांतराचं चिन्ह येतंय, नाही आलं तर पानावर राईट क्लिक करून ट्रान्सलेट निवडा की. मोबाईलवर तीन ठिपक्यांच्या मेनूत ट्रान्सलेट आहे. एजमध्ये पण हेच सगळं आहे, फक्त भाषांतर मायक्रोसॉफ्टचं.

पण भाषांतर झालेल्या पानावर फॉर्म भरू नका. कधीच भरू नका म्हणून सांगतो. मशीनला गावाचं नाव आणि साधा शब्द ह्यातला फरक प्रत्येक वेळी कळत नाही, मग गावाच्या, माणसाच्या नावाचा अर्थ लावून भलतंच काहीतरी समोर येतंय आणि यादीतनं चुकीचं गाव निवडलं जातंय. शिवाय काही पानांवर भाषांतर चालू असलं की खालची यादी उघडतच नाही, नाहीतर सबमिटचं बटण मुकं होतंय. त्यामुळं पद्धत अशी ठेवा, टॅबवर राईट क्लिक करून डुप्लिकेट करा, म्हणजे तेच पान दोनदा उघडतंय. एकावर मराठी भाषांतर करा, ते वाचायला. दुसरं मूळ कन्नड किंवा इंग्लिशमध्ये तसंच ठेवा, ते भरायला. वाचायचं डावीकडं, भरायचं उजवीकडं. दुसरा टॅब ओढून बाहेर काढला की त्याची वेगळी खिडकी होते, आणि विंडोजमध्ये विंडोज की दाबून डावा-उजवा बाण दाबला की दोन खिडक्या शेजारी शेजारी बसतात. लॉगिन करून उघडलेल्या काही साईटला दुसरा टॅब चालत नाही, बाहेर काढते, तिथं मोबाईलवर गूगल लेन्स काढून स्क्रीनवर धरा, ते पण कन्नडचं मराठी करून दाखवतंय. पंचायतीच्या बोर्डवर लावलेली नोटीस, स्कॅन करून टाकलेली पीडीएफ, ह्याला पण लेन्सच. हातानं लिहिलेलं मात्र त्याला धड जमत नाही, ते वाचणाऱ्या माणसालाच दाखवा.

बँकेच्या साईटवर लॉगिन केल्यावर भाषांतर बंदच ठेवा. क्रोमचं भाषांतर म्हणजे पानावरचा मजकूर गूगलच्या सर्व्हरकडं जाऊन येतो, आपलं स्टेटमेंट तिकडं पाठवायची काय गरज?

उताऱ्याचं उदाहरण घेऊ म्हणजे कळेल. भूमीच्या साईटवर आधी जिल्हा, मग तालुका, मग होबळी, मग गाव, मग सर्व्हे नंबर, मग सुर्नोक आणि हिस्सा, म्हणजे त्या नंबरचे पोटभाग, असं एका खाली एक निवडायचं असतंय. महाराष्ट्रातनं लग्न होऊन आलेल्या किंवा तिकडचं बघायची सवय असलेल्या माणसाला होबळी म्हणजे काय तेच कळत नाही, कारण सातबाऱ्यात ते नसतंय. होबळी म्हणजे तालुक्याच्या खालचा महसुली भाग, आपलं गाव कुठल्या होबळीत ते जुन्या उताऱ्यावर वरच लिहिलेलं असतंय. सुर्नोकमध्ये बहुतेक वेळा नुसतं फुलीसारखं चिन्ह असतंय, तेच निवडायचं. आणि सगळं बरोबर भरून पण उतारा उघडत नसेल तर नव्वद टक्के वेळा ब्राउझरनं पॉपअप, म्हणजे आपोआप उघडणारी नवी खिडकी, अडवलेला असतो, वर पट्टीच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह येतंय ते दाबून ह्या साईटला परवानगी द्या. फक्त ह्या साईटला हं, सगळ्यांना नाही.

कन्नड टाईप करायचं कसं

खूप जणांना वाटतंय कन्नड टायपिंग म्हणजे नव्यानं शिकायला लागणार. तुम्हाला इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाईप करता येत असेल तर कन्नड निम्म्याहून जास्त येतंयच. इनस्क्रिप्ट हा सरकारनं भारतीय भाषांसाठी ठरवलेला कीबोर्ड, आणि त्यात अक्षरांच्या जागा सगळ्या लिप्यांना त्याच ठेवल्या आहेत. के दाबलं की मराठीत क येतो, कन्नड निवडून तेच के दाबलं की कन्नडचा क येतो. शिफ्ट के ला दोन्हीत ख. काना ई वर, पाय मोडायचा तो डी वर, ळ शिफ्ट एन वर, दोन्हीकडं तेच. आपल्याला नवीन एवढंच की कन्नडमध्ये ए आणि ओ चे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार असतात, तर ऱ्हस्व ए ची मात्रा झेड वर आणि ऱ्हस्व ओ ची आकडा १ च्या डावीकडच्या कीवर. बाकी बोटं जातात तिथंच जातात. अक्षर ओळखता आलं नाही तरी बोटाला माहीत असतंय, हे मला फार मोलाचं वाटतंय.

विंडोजमध्ये सेटिंग, टाईम अँड लँग्वेज, तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडून घ्या, आणि विंडोज की धरून स्पेस दाबलं की कीबोर्ड बदलतोय. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी विंडोजमध्ये फोनेटिक कीबोर्ड पण आहे दोन्ही भाषांचा, इंग्लिश अक्षरात उच्चार लिहायचा. मोबाईलवर जीबोर्डमध्ये दोन्ही भाषा जोडा, स्पेस बार दाबून धरला की बदलते. माईक दाबून बोललं तर मराठी चांगलं उमटतंय, आपला बेळगावी हेल असला तरी, फक्त "की ओ" वगैरे काढून जरा स्वच्छ बोलायचं.

फॉन्टचं एक झंझट आहे ते पण सांगून ठेवतो. कुणीतरी कन्नड वर्डची फाईल पाठवली आणि उघडल्यावर सगळी इंग्लिश अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसली तर फाईल बिघडलेली नसते, ती नुडी ह्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, नाही. आपल्याकडं श्रीलिपीच्या फायलींचं जसं होतंय तेच. अशी फाईल भाषांतराला टाकून काही उपयोग नाही, पाठवणाऱ्याला सांगा की युनिकोडमध्ये करून दे नाहीतर पीडीएफ दे. पीडीएफ आली की लेन्स आहेच. आणि तुम्ही स्वतः कुणाला काही पाठवताना, लग्नपत्रिकेचा मजकूर असो नाहीतर मंडळाची वर्गणीची यादी, युनिकोडमध्येच टाईप करा, म्हणजे समोरच्याला फॉन्ट शोधत बसायला लागत नाही.

माहितीची एक फाईल

सरकारी साईटचं सेशन, म्हणजे लॉगिन चालू राहायची वेळ, फार लवकर संपतंय. आधार कार्ड शोधेपर्यंत, आजोबांच्या नावाचं स्पेलिंग विचारेपर्यंत बाहेर पडतो आपण आणि परत पहिल्यापासनं. त्यामुळं साधी नोटपॅडची फाईल करा, हे तुम्हाला कुठल्याही महागड्या प्रॉडक्टिव्हिटी ॲपपेक्षा जास्त वेळ वाचवून देईल. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, आधारवर जसं आहे तसं इंग्लिशमध्ये, रेशन कार्डवर आहे तसं कन्नडमध्ये, आणि मराठीत. हे महत्त्वाचं, कारण आपल्या नावांची तीन कागदांवर तीन रूपं असतात, आडनाव एका ठिकाणी शेवटी, एका ठिकाणी पहिलं, एका ठिकाणी नुसतं एक अक्षर. कुठल्या कागदावर कसं आहे हे एका जागी लिहिलेलं असलं की फॉर्म परत येत नाही. त्याच्या खाली जात आणि उत्पन्न दाखल्यांचे आरडी नंबर लिहा, नाडकचेरीच्या, म्हणजे होबळीच्या महसूल ऑफिसच्या, दाखल्यावर आरडीनं सुरू होणारा लांबलचक नंबर असतो तो, स्कॉलरशिपच्या फॉर्ममध्ये तोच मागतात. मग सर्व्हे नंबर, होबळी, लाईट बिलाचा नंबर. पासवर्ड, पिन, बँकेचं काही ह्यात लिहायचं नाही, त्याला पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन वापरा, फुकट आहे, मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हीवर चालतंय, एक मोठा पासवर्ड तेवढा लक्षात ठेवायचा.

डाउनलोड केलेल्या कागदांचं पण तेच. सरकारी पीडीएफ कसल्यातरी आकड्यांच्या नावानं उतरते आणि चार महिन्यांनी डाउनलोडच्या फोल्डरात तसल्या शंभर फायली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये डाउनलोड कुठं करू ते दरवेळी विचार म्हणून पर्याय आहे तो चालू करा, म्हणजे उतरतानाच नाव देता येतंय. नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग काय ते, "२०२५-०६ उतारा शेत" असं, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. डिजिलॉकरमध्ये जे मिळतंय ते तिथंच राहू दे, तिथनं आलेला कागद मूळ कागदासारखाच मानायचा म्हणून सरकारचा नियमच आहे. ई-आधारची पीडीएफ उघडत नसेल तर तिचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्लिश अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्माचं वर्ष. कुणाला पाठवायचं असेल तर मास्क केलेलं आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

टॅब, प्रोफाईल आणि गेलेली लाईट

पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडं लाईटचं काही खरं नसतंय, बेळगावात पण जाते. सेटिंगमध्ये ऑन स्टार्टअप म्हणून भाग आहे तिथं "जिथं सोडलं तिथनं सुरू कर" निवडून ठेवा, लाईट आल्यावर सगळे टॅब परत येतात. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल शिफ्ट टी नं परत येतोय, पाहिजे तेवढ्या वेळा दाबा, एक एक मागं जातंय. अर्धवट भरलेला फॉर्म मात्र परत येईलच असं नाही, म्हणून लांब मजकूर, तक्रार वगैरे, आधी नोटपॅडमध्ये लिहा आणि मग चिकटवा.

एका कॉम्प्युटरवर घरातले चौघं असतील तर चार प्रोफाईल करा, वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतंय तिथनं. प्रत्येकाचे बुकमार्क, पासवर्ड, लॉगिन वेगळे राहतात, वेगळा रंग द्या म्हणजे कुणाच्या खिडकीत आहोत ते लगेच कळतंय. एकट्या माणसानं पण दुकानाचं एक आणि घरचं एक असं ठेवावं. उद्यमबागेत वर्कशॉप चालवणारा माणूस जीएसटी भरताना घरचं फेसबुक शेजारी उघडं ठेवून बसला की अर्धा तासाचं काम दुपारपर्यंत जातंय, प्रोफाईल वेगळं असलं की तो मोहच समोर येत नाही.

बुकमार्क कामानुसार ठेवा, "शेत", "शाळा", "बँक", "गाडी", असे फोल्डर, साईटच्या नावानं नाही. आणि सरकारी साईटचं आतलं पान बुकमार्क करू नका, सेशन संपलं की ते पान चालत नाही, पहिलं पान करा. बुकमार्कचा खरा फायदा वेगळाच आहे, दरवेळी गूगलवर शोधलं की सगळ्यात वर पैसे देऊन लावलेली जाहिरात येते आणि सेवा सिंधू ह्या कर्नाटक सरकारच्या साईटच्या नावानं भलत्याच साईटवर माणूस जातोय, फी भरून मोकळा होतोय. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन आहे का एकदा बघायचं आणि तेच बुकमार्क करून टाकायचं. पैसे गेलेच तर वाट बघू नका, लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" म्हणून कोपऱ्यात सारखं येत असेल तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतोच, कुठल्यातरी साईटला कधीतरी अलाऊ म्हटलेलं असतंय. सेटिंग, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं परवानगी दिलेल्या साईटची यादी आहे, ओळखीची नाही ती काढून टाका. घरातल्या वयस्कर माणसांच्या मोबाईलवर हे आजच करून द्या, ते घाबरून त्यावर क्लिक करतात आणि पुढं फोन येतोय.

बाकी ॲप

टू-डू लिस्टची ॲप, नोट्सची ॲप, रंगीत डॅशबोर्ड, ह्यातलं नवीन काही आलं की आठवडाभर त्यातच जातोय आणि काम तिथंच राहतंय, असं मी कितीतरी जणांचं बघितलंय. माझं ठाम मत आहे, घरच्या कामाला भिंतीवरचं कॅलेंडर आणि मोबाईलचं कॅलेंडर एवढं पुष्कळ. दुधाचा, गॅसचा हिशोब भिंतीवर, आणि फॉर्मची शेवटची तारीख मोबाईलमध्ये, पण शेवटच्या तारखेची आठवण त्याच दिवशी लावू नका, पाच-सहा दिवस आधीची लावा, शेवटच्या दिवशी साईटवर गर्दी असते आणि ती चालेल म्हणून धरून बसण्यात अर्थ नाही. चिठ्ठ्यांना गूगल कीप. पत्रं, अर्ज लिहायला लिबरऑफिस, फुकट आहे, २०१० पासनं आहे, पीडीएफ पण करून देतंय आणि चोरीचं वर्ड टाकून कॉम्प्युटर बिघडवून घ्यायला लागत नाही. चॅटजीपीटी किंवा जेमिनीला मराठीत सांगून कन्नडमध्ये अर्ज लिहून घेता येतो, ते बऱ्यापैकी लिहितंय, पण सही करायच्या आधी शेजारच्या कन्नड येणाऱ्या अण्णांना एकदा वाचायला द्या, तारीख, नंबर आणि नातं तेवढं तपासून घ्या. शेजारी असतातच आपल्याकडं, तेवढी ओळख ठेवलेली बरी.

ऑनलाइन सेंटरमध्ये जायलाच लागलं, थम्ब द्यायचा असला किंवा घरी प्रिंटर नसला तर, तिथल्या कॉम्प्युटरवर गेस्ट मोड नाहीतर इनकॉग्निटो, म्हणजे हिस्ट्री न ठेवणारी खिडकी, उघडायला सांगा, इनकॉग्निटोला कंट्रोल शिफ्ट एन. पण इनकॉग्निटो बंद केलं तरी डाउनलोड केलेली फाईल त्या मशीनवर तशीच राहते, ती स्वतः समोर उभं राहून डिलीट करायला लावा आणि रिसायकल बिन पण रिकामं करायला सांगा, लाजू नका, आपलं आधार आहे ते. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर निघायच्या आधी मोबाईलवर लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जाऊन ते मशीन काढून टाका, आणि ओटीपी विचारला तर तोंडानं सांगू नका, मोबाईल हातात धरून स्वतः टाईप करा.